मांडीवरची बाटली

फॉर्मॅलिनचा वास नाकाआधी डोळ्यांना कळतो. धाराशिवच्या दवाखान्यात सर्जन मॅडमनी माझ्या उजव्या स्तनातून काढलेले मांसाचे चार बारीक धागे त्या द्रवात सोडले, तेव्हा माझ्या डोळ्यांत आलेले पाणी त्या वासाचेच होते, असे मी आजही म्हणते. भूल दिलेली होती, दुखले नाही. यंत्राचा ‘खट्ट’ असा आवाज मात्र चार वेळा झाला. याला ट्रूकट बायोप्सी म्हणतात. म्हणजे जाड सुईने गाठीचा अंश काढून तपासणे.

“हे आजच सोलापूरच्या लॅबमध्ये पोचवा. सोबत कोण आहे?” मॅडमनी विचारले.

सोबत जाऊबाई होत्या. यजमान सोयाबीनच्या मळणीत अडकले होते. एकाच अंगणात दोन चुली झाल्यापासून आम्हा जावांचे बोलणे कामापुरतेच उरले होते. तरी सकाळी आमच्या तेर गावच्या स्टँडवर त्या माझ्याआधी येऊन उभ्या होत्या. कुणी सांगितले, ते मी विचारले नाही.

गाठ महिन्यापूर्वी हाताला लागली होती. लिंबाएवढी, तापलेली, वरची कातडी लाल. धाकटीचे दूध तोडून दोन वर्षे झाली होती. मी जवसाच्या पोटिसाने शेकत राहिले. कारण ज्या अवयवाचे नाव मी कवितेत सहज लिहिते, ते केसपेपरच्या खिडकीशी मला उच्चारवेना. हे वाचणाऱ्या बहिणींनो, तेवढे दिवस तुम्ही घालवू नका. अँटिबायोटिक गोळ्यांनी उतार पडला नाही आणि सोनोग्राफीत गाठीच्या कडा वेड्यावाकड्या दिसल्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, “कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो. तुकडा तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही.”

एसटीत ती बाटली मी मांडीवर दोन्ही हातांनी धरली. तुळजापूरला चढलेल्या एक म्हाताऱ्या बाई शेजारी टेकल्या.

“काय न्हेताय ओ बाई एवढं जपून? तूप हाय का?”

पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, “सोन्याचा तुकडा हाय मावशी. धक्का नका लावू, लई महागाचा हाय.”

“मग बाटलीत कशाला ठिवलाय?”

“पळतोय त्यो!”

तामलवाडी मागे पडेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. हसताना छातीत कळ येत होती.

अहवाल आठ दिवसांनी मिळणार होता. खळ्यावर मळणीयंत्र घरघरत होते, भुसकटाचा कोरडा, गोडसर वास केसांत बसत होता आणि माझा हात नकळत पदराखाली जात होता. त्याच दिवसांत मी चार वर्षांच्या धाकटीला स्वतःच्या फ्रॉकची बटणे लावायला शिकवू लागले. का, ते मी स्वतःलाही सांगितले नाही.

जाऊबाईंनी ते अंगणातून पाहिले. “एवढी काय घाई हाय तिला?” म्हणत पोरीला जवळ ओढले आणि बटणे त्यांनीच लावली.

नवव्या दिवशी दुपारी मॅडमनी आम्हा दोघी जावांसमोर कागद उघडला. “कॅन्सर नाही.”

मला आधी पंख्याचा आवाज ऐकू आला, मग त्यांचे पुढचे शब्द. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. शरीराच्या संरक्षक पेशी दुधाच्या ग्रंथींभोवती जमतात आणि तिथे दाह करतात. गाठ कॅन्सरसारखी दिसते, पण कॅन्सर नसते. अशी गाठ क्षयानेही होते, पण त्याच्या जंतूंचीही खूण सापडली नव्हती.

आज उपचाराच्या पाचव्या महिन्यात जखम भरत आली आहे. त्या दुपारी मात्र मॅडम बजावत होत्या, “बरं व्हायला महिने लागतील. मध्येच गाठ फुटेल, पू वाहील. रोज स्वच्छ करून पट्टी बदलायची. आपली आपल्याला नीट जमत नाही. घरी कोण करेल?”

जाऊबाईंनी मॅडमकडे पाहिलेच नाही. माझा खांद्यावरून घसरलेला पदर सारखा करत त्या मला म्हणाल्या, “मी.”