गजूचा पगार कुठून येते

एका रूममध्ये चार पोट्टे कामाले बसले ना, की किस्से चहाच्या ग्लासांसारखे साचत जातात. धुवायले कोणी उठत नाई!

आमची रूम वाशिमात, चपलांच्या दुकानावर. आमी बाहेरदेशच्या लोकांले कार्टूनचे व्हिडिओ बनवून देतो. ते क्रिप्टोत पैसे पाठवतात, पैसे मोबाईलच्या वॉलेटमध्ये येतात, अन् वॉलेटले जोडलेलं एक कार्ड असते. दुकानात कार्ड लावलं की तेच रुपये होतात. बस, इतकंच! तुमाले समजलं. पण आमच्यातल्या गजूच्या सासऱ्याले समजवता समजवता आमी म्हातारे झालो.

*

गजूचा पहिला पगार. स्क्रीनवर 'कन्फर्मेशन बाकी'. गजूचे बाबा बाजूले येऊन बसले.

"आले का?"

"येऊन राह्यले."

"अडकले कुठं?"

"बाबा, जगातले बरेच कॉम्प्युटर हो म्हणाले की मंगच येतात."

बाबांनी विचार केला. "मंग त्याहीले चहापाणी द्या लागते का?"

*

दुसऱ्या दिवशी शेलूबाजारच्या पंपावर कार्ड चाललं. पण बाबांनी टाकी भरू दिली नाई. थोडंसंच पेट्रोल टाकलं, आसेगावच्या रस्त्यानं गाडी पळवून पाह्यली, अन् वापस आले.

"चालते," म्हणे. "भर आता."

*

मंग गजूले रिठद गावची सोयरीक आली. पोरगी स्वाती. तिच्या वडिलांले आमी सगळेच मामाजी म्हणतो.

"तुह्या कामाचा मालक कोण?" मामाजींनी इचारलं.

"नाव माहीत नाई मामाजी."

"थोबाड तं पाह्यलं असन?"

गजू इमानदार पोट्टा. त्यानं क्लायंटचा प्रोफाइल फोटो दाखवला. चष्मा घातलेला बेडूक!

मामाजींनी फोटो मोठा करून नीट पाह्यला. "शिकेल-सवरेल दिसते," म्हणे.

*

स्वातीनं वेगळीच परीक्षा घेतली.

"रेट पडला तं?"

"आल्या आल्या डॉलरवाल्या कॉइनमधी टाकतो. त्याचा रेट हालत नाई."

"अन् मोबाईल हरवला तं?"

"वॉलेट वापस आणाचे बारा शब्द असतात. पाठ हायेत."

"म्हणून दाखवा."

गजू सुरूच झाला! तिनं हात वर केला. "बस! कोणालेच सांगायचे नसतात ना ते?"

गजू नापास. तरी लग्नाले ती हो म्हणाली.

*

पोरीपुढं मामाजींचं काही चाललं नाई. पण रिठदमध्ये कोणी इचारलं, की त्याहीचं ठरलेलं उत्तर, "जावई सध्या मोकळाच हाय."

हे गजूले लय लागलं. जेवता जेवता आमाले म्हणे, "रोज मान मोडेपर्यंत काम करतो बे मी. जावई कमावते, इतकं एकदा तरी म्हणावं त्याहीनं चारचौघांत!"

*

हळद दोघांचीही एकाच मंगल कार्यालयात. मॅनेजर म्हणे, "बाकी पैसे भरा, मंगच जेवणाचा हॉल उघडतो."

गजूनं कार्ड लावलं. रक्कम मोठी, म्हणून ॲपनं चेहरा मागितला. अन् चेहरा तं आत्यानं कानापर्यंत पिवळा करून ठेवेल होता!

'चेहरा जुळत नाही.'

गजू नळाकडं निघाला. आत्या आडवी. "हळद धुवायची नाई!"

'चेहरा जुळत नाही.'

कुलपासमोर रिठदचे सगळे पाव्हणे उपाशी उभे. एक जण मामाजींले म्हणे, "बराबर हाय. जावई मोकळाच हाय म्हणून सांगतलंच होतं तुमी!"

मामाजींचे कान लाल झाले. त्याहीनं गजूच्या हातातून मोबाईल घेतला, आपल्या तोंडासमोर धरला अन् वरडले, "अबे, तो माहा जावई हाय! कमावते तो! मेहनतीचे पैसे हायेत त्याचे! काहून अडवून राह्यला?"

हिरवी टिक आली.

मशीनमधून पावती निघाली. मॅनेजरनं कुलूप उघडलं. आमी चौघंही मोबाईलकडं पाहत राह्यलो.

मामाजींनी मोबाईल गजूले वापस देला.

"दटावा लागते त्याले," म्हणे, अन् जेवायले गेले.