वर्षाचा कागद

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रमिला साळवे यांचा फोन यायचा. बावीस वर्षांत एकदाही चुकला नाही. "भाऊ, वर्ष घेऊन या," एवढंच म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. यंदा फोन आला तो तिसऱ्या आठवड्यात. नंबर त्यांचाच होता, म्हणून पलीकडचं ऐकायच्या आत मी बोलून मोकळा झालो, "ताई, या खेपेला तुम्हालाच उशीर झाला हां! उद्या येतो." पलीकडून त्यांच्या मुलीचा, करुणाचा आवाज आला. "काका, आई गेली. काल दुपारी. तिच्या फोनमध्ये ज्यांना फोन करायचे राहिले होते, त्यांना मी करतेय..." या बाईला मी काहीतरी सांगायचं होतं, बारा वर्षं सांगायचं राहिलं होतं, आणि आता ऐकायला त्या नाहीत, हे पहिलं मनात आलं. दुःख त्याच्या मागून आलं. हा क्रम लाजिरवाणा आहे, पण खरा आहे.

प्रमिलाताई भिवंडीत लहान धंदेवाल्यांचे आयकराचे कागद करायच्या. सीए नव्हत्या आणि कोणी चुकून म्हटलं तर लगेच दुरुस्त करायच्या. वडील पाणी खात्यात फिटर होते. मुलीनं बी.कॉम. केलं, ठाण्यात एका वकिलांच्या हाताखाली दहा वर्षं काढली आणि मग आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली. आमच्या भागात बाईनं, त्यातून बौद्ध घरातल्या बाईनं, असा बोर्ड लावायचा हे नवीन होतं. बोर्ड साधा होता. खोलीत एक टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि भिंतीलगत एक लाकडी बाक. एप्रिल ते जुलै त्या बाकावर जागा मिळायची नाही. लूमवाले, चहावाले, काल्हेरच्या गोडाउनला हमाल पुरवणारे असायचे; गणेशपुरीला खानावळ चालवणारी एक बाई एसटीनं सकाळीच येऊन बसायची. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. कुणाच्या पिशवीत बँकेचं पासबुक, कुणाच्या पिशवीत वर्षभराची लाइटबिलं, आणि कुणाच्या पिशवीत नुसतीच भीती.

ताई पिशवीला हात लावायच्या नाहीत. समोर कोरा फुलस्केप ओढायच्या, वर तुमचं नाव लिहायच्या आणि म्हणायच्या, "आकडे नंतर. आधी वर्ष सांगा." मग विचारत जायच्या. घरात लग्न झालं? कोणी आजारी पडलं? कोणी गेलं? लूम घेतले, विकले? जमीन, घर, गाळा? मुलगा कामाला लागला? नवा माणूस पहिल्यांदा चिडायचाच. हे टॅक्सचं ऑफिस की सोयरीक जुळवायचं, असं मीही त्यांना तोंडावर म्हटलं होतं. त्या हसल्या. "भाऊ, आकडा आभाळातून पडत नाही. घरात काहीतरी होतं तेव्हा तो येतो नाहीतर जातो. तुम्ही बिल विसराल, पण सुनेचं बाळंतपण कोणत्या दवाखान्यात झालं ते विसराल का?" आणि खरंच, तेवढ्यावरून पुढे कोणता कागद शोधायचा ते त्या सांगायच्या. विमा उतरवलाय ना, मग त्याची पावती. जुने लूम भंगारात घातले, मग त्याची चिठ्ठी. व्यापाऱ्यानं मजुरीतून टॅक्स कापला, मग त्याचा दाखला, आणि तो ऑनलाइन दिसतो तेवढाच आहे का तेही पाहायचं. घरी जाताना हातात यादी असायची, आणि यादी असली की माणसाची भीती निम्मी होते.

एकदा माझ्यासमोर एक लूमवाला सांगत होता, "दीदी, इस साल धंदा ठंडा था." त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. "ठंडा मतलब? कितने दिन लूम बंद?" "अब क्या गिनूँ दीदी, समझो दो महिना." "मैं समझूँगी तो भी लिखना आपके नाम से है भाईजान. गिन के आओ. लाइट का बिल लाओ, बिल झूठ नहीं बोलता." बाकावरचे सगळे हसले. तोही हसला आणि निमूटपणे बिलं आणायला गेला.

कागद भरला की शेवटी त्या एक ओळ सोडून लिहायच्या, 'आणखी काही राहिलं?' पेन तुमच्या हातात द्यायच्या. उत्तर तुमच्या अक्षरात, खाली तुमची सही. मग तो कागद कपाटात जायचा. आमच्यातल्याच एका लूमवाल्याच्या कागदावर फक्त नजर टाकायला म्हणून एक सूतवाला शेठ आला होता. ताईंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "शेठ, उनका साल उनका है. दिखाना होगा तो वही दिखाएँगे." शेठनं पुष्कळ गोड बोलून पाहिलं. कपाट उघडलं नाही.

आता माझं सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी पूर्णे गावची माझ्या वाट्याची जमीन एका गोडाउनवाल्याला विकली. शेतजमिनीवर टॅक्स नसतो, असं मला गावातल्या चार जणांनी सांगितलं होतं आणि ते मला सोयीचंही होतं. शहराला लागून असलेल्या जमिनीला ते लागू होत नाही, ही शंका मला नव्हती असं नाही. म्हणूनच ताईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. त्या वर्षी त्यांनी विचारलं, "जमीन, घर?" मी म्हणालो, "काही नाही." शेवटी पेन हातात दिलं. 'आणखी काही राहिलं?' मी लिहिलं, 'नाही', आणि सही केली. अक्षर चांगलं ठसठशीत आलं.

पुढे नोटीस आली. यायचीच होती, जमिनीच्या खरेदीखताची खबर खात्याला जाते. नोटीस आली तेव्हा मी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या ऑफिसात चहा पीत बसलो होतो, भोवती आमचेच पाच-सहा लूमवाले. मुलानं घरून फोन करून वाचून दाखवलं आणि माझा चेहरा उतरला. "काय झाला रं म्हात्रे?" एकानं विचारलं. मी म्हणालो, "जमिनीचं ताईंना सांगितलं होतं. विसरल्या दिसतात." एवढंच. दोन वाक्यं. लगेच दुसरा म्हणाला, "मंग काय! तिला काय कलतंय त्यातला? असंच पास व्हतात ती लोकां." बाकीचे हसले. मी हसलो नाही, पण गप्प राहिलो. माझं खोटं इतक्या लवकर खपलं, कारण ते खरं मानायला ती माणसं आधीच तयार बसली होती, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. त्या कुठल्या घरातल्या आहेत, याचा मी फायदा घेतला. जात काढली दुसऱ्यानं, पण तिच्यावर निभावून नेलं मी.

दुसऱ्या दिवशी नोटीस घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली, कपाटातून माझा त्या वर्षाचा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या 'नाही'वर बोट ठेवलं. मग बोट उचललं. "चला, उत्तर लिहू. टॅक्स भरावा लागेल, व्याज लागेल. लपवालपवी बंद करा, बाकीचं मी बघते." आणि त्यांनी ते निस्तरलं. माझं घर वाचलं. त्या आठवड्यात मात्र बाकावरची माणसं कमी झाली. सायझिंगच्या ऑफिसातलं बोलणं सगळ्या शेडमधून फिरलं होतं. लूमवाले एकेक करून दुसरीकडे गेले. पुढच्या एप्रिलमध्ये मी गेलो तर बाकावर मी एकटा. ताई कागद लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "भाऊ, लोक म्हणतात मी विसरते. तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "लोकांचं काय मनावर घेता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. "लाइटबिलं आणलीत?"

कपाटातला तो एक कागद त्यांनी बाहेर दाखवला असता तर दोन मिनिटांत माझं पितळ उघडं पडलं असतं. दाखवला नाही. त्याच कागदावर, वरून चौथ्या ओळीत, माझ्या मुलीचं होतं. ती त्या वर्षी सासर सोडून परत आली होती आणि शेडचा हिशोब बघायला लागली होती. बाहेर आम्ही ती कसल्याशा कोर्ससाठी आली आहे असं सांगत होतो. "हे कोणाला कळू देऊ नका," मी ताईंना म्हणालो होतो. "माझ्याकडून नाही कळणार," त्या म्हणाल्या होत्या. तो शब्द त्यांनी स्वतःचा धंदा बसत असताना पाळला. मी त्यांच्याकडे जायचं सोडलं नाही, आणि त्याचंही श्रेय लाटलं. चूक होऊनसुद्धा जुना संबंध राखतो, केवढं मोठं मन, असं लोक म्हणायचे. मी मान हलवायचो...

ताईंची रांग पूर्वीसारखी पुन्हा कधी झाली नाही. खानावळवाली बाई येत राहिली, भाईजान लाइटबिलं घेऊन येत राहिले, काल्हेरची नवी मंडळी आली. ताईंनी त्यात भागवलं, करुणाला शिकवलं, आणि एप्रिलमध्ये मला फोन करत राहिल्या.

त्या गेल्यावर महिन्याभरानं करुणा घरी आली. हातात जाड पाकीट. "आईनं सांगून ठेवलं होतं, ज्याचे कागद त्याला द्यायचे." बावीस फुलस्केप. मी तो एक शोधला. ताईंनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं असेल, तारीख, खूण, एखादा शब्द, असं मला वाटत होतं. उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

मुलीला सगळं सांगितलं. तुझं नाव त्या कागदावर आहे, तो लोकांना दाखवला तर चालेल का, असं विचारलं. ती भाजी निवडत होती. "बाबा, बारा वर्षं झाली. माझं तर तेव्हाच अख्ख्या भिवंडीला माहीत होतं. लपलंय असं तुम्हालाच वाटत होतं." मग हातातली मेथी खाली ठेवून म्हणाली, "आणि त्यासाठी त्या गप्प बसल्या?"

गेल्या आठवड्यात मी त्या खोलीत गेलो. टेबलामागे करुणा. तिनं कोरा कागद ओढला, वर माझं नाव लिहिलं. मी तो बाजूला सारला आणि बारा वर्षांपूर्वीचा कागद पालथा करून तिच्यापुढे ठेवला. "आधी इथं लिही. त्या वर्षी मी पूर्ण्याची जमीन विकली आणि तुझ्या आईला सांगितलं नाही. आणि त्या विसरल्या, असं लोकांना खोटं सांगितलं." तिनं लिहिलं. हात थांबला नाही, फक्त शेवटच्या शब्दाशी जरा रेंगाळला. मग तिनं एक ओळ सोडून लिहिलं, 'आणखी काही राहिलं?' आणि पेन मला दिलं. मी लिहिलं, 'माफी मागायची राहिली', आणि सही केली.

"हा आता भिंतीला लाव," मी म्हणालो.

"काका, आईचा नियम आहे. कागद कोणाला दाखवायचा नाही."

"ज्याचा कागद त्यानं दाखवायचा, असा नियम आहे. मी दाखवतोय."

"पुढच्या बाजूला तुमच्या मुलीचं आहे."

"तिला विचारलंय."

करुणानं आईचा खण उघडला आणि टाचणी काढली. कागद बाकासमोरच्या भिंतीला वरच्या कडेला एकाच टाचणीनं लावला, म्हणजे ज्याला पाहायचं त्याला उलटून दोन्ही बाजू पाहता येतील. बाकावर तिघे होते. त्यातला एक त्या दिवशी सायझिंगच्या ऑफिसात हसलेल्यांपैकी होता. आता नातवाच्या दुकानाचे कागद घेऊन आला होता. तो उठला, खिशातून चष्मा काढला आणि भिंतीपाशी जाऊन वाचायला लागला. मी तिथंच, त्याच्या शेजारी उभा राहिलो.