नाकातला न

शिकागोतल्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की माणूस न बोलता कितीतरी दिवस काढू शकतो. म्हणजे तोंडातून शब्द निघत होते. बस ड्रायव्हरला ‘थँक यू’, लायब्ररीतल्या बाईंना ‘एक्सक्यूज मी’, लॅबमध्ये ‘येस सर’. पण त्याला बोलणं म्हणावं असं मला वाटत नाही.

मी इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी स्कॉलरशिपवर आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे परदेशात एकट्यानं कसं राहायचं हे ज्याला विचारावं असं मागे कुणी नव्हतं. माय यवतमाळकडच्या आमच्या गावात होती. आम्ही आईला माय म्हणतो. तिला वाचता येत नव्हतं आणि गावात फोन अजून पोचायचा होता. मी लिहिलेलं शेजारचं कुणीतरी तिला वाचून दाखवायचं, पण त्यात तिचा आवाज मला कुठून ऐकू येणार?

मराठी माणसं नव्हती असं नाही. दिवाळीला एक सिनियर मला गाडीत घालून शिकागोबाहेरच्या शॉमबर्गला एका डॉक्टर काकांच्या घरी घेऊन गेला होता. घर उबदार होतं, चकली होती, पुण्या-मुंबईच्या गप्पा चालल्या होत्या. मी चकली मोडत ऐकत होतो. शेवटी धीर करून म्हणालो, “काकू, थोडं पानी मिळेल का?”

“पानी?” काकू हसल्या. “अरे, नागपूरचा का तू?”

“नाही, यवतमाळकडचा.”

“तेच ते! बस हं, देते पाणी. पा-णी.” सगळे हसले. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पुढच्या वेळी सिनियरनं विचारलं तेव्हा मी परीक्षेचं कारण सांगितलं, आणि नंतर त्यानं विचारणं सोडलं.

डिपार्टमेंटच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती. चायनाटाऊनमधल्या एका चर्चच्या तळघरात शाळा सुटल्यावर लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायला कुणी येईल का, पगार नाही. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. माझं इंग्रजी पाचवीपासूनचं, तेही शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून पाठ केलेलं. मी काय शिकवणार? पण तिथं गेलं की कुणाशी तरी बोलावंच लागेल, एवढ्या एका विचारानं मी गेलो.

माझ्या वाट्याला दुसरीतली एक मुलगी आली. हाँगकाँगहून येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. केस कानापर्यंत कापलेले, कोट तिच्या मापापेक्षा मोठा. मला ती पहिल्या दिवसापासून ‘टीचर’ म्हणू लागली. मी सांगितलं की मी टीचर नाही, विद्यार्थी आहे. ती म्हणाली, “शिकवणारा टीचरच असतो,” आणि पुस्तक उघडलं.

तिनं ते घडाघडा वाचून दाखवलं. मला वाटलं, हिला शिकवायचं तरी काय? मग मी सहज हातानं चित्र झाकलं. ‘हॉर्स’ होतं तिथं ती ‘हाउस’ म्हणाली.

“अक्षरं बघ की,” मी म्हणालो.

“मी शब्दाचा चेहरा बघते,” ती म्हणाली.

त्यात तिची काही चूक नव्हती. तिच्या लिपीत प्रत्येक शब्दाला खरंच आपापला चेहरा असतो, आणि ती चेहरे ओळखण्यात हुशार होती. पण नवा शब्द आला की तिला तो अनोळखी माणसासारखा वाटायचा. 

मला वाचायला शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती, गावातल्या शाळेतली बाराखडी. एक अक्षर घ्यायचं, त्याला एकेक स्वर लावत जायचं आणि सगळ्या वर्गानं ओरडायचं. मी पाटीवर इंग्रजी बीच्या पुढे एकेक स्वर लिहिला आणि सूर धरला, “बॅ, बे, बि, बॉ, ब.” आधी ती माझ्याकडे संशयानं बघत राहिली. मग तिला चाल आवडली. थोड्याच दिवसांत ती कोट काढता काढता म्हणायची, “टीचर, आज कुठली ओळ?” नवा शब्द आला की ती तो तुकड्यातुकड्यांनी जोडायला लागली. पहिल्यांदा ‘बास्केट’ तिनं स्वतः जोडला तेव्हा चूक केल्यासारखी तिनं माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. मला कौतुक करता येत नसे, आमच्या घरी कुणी करत नसे.

नची ओळ आली आणि आम्ही अडकलो.

“नॅ, ने, नि,” मी म्हणालो.

“लॅ, ले, लि.”

“ही लची ओळ झाली. ही नची. वेगळी म्हण.”

“वेगळीच म्हणतेय!” ती चिडली. आणि पुन्हा म्हणाली, “लॅ, ले, लि.”

त्याच आठवड्यात तिची आई आली. ती शिवणकामाच्या कारखान्यातून थेट आली होती, बाहीला धागे चिकटलेले होते. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिचं बोलणं मुलगीच मला सांगत होती, आणि ते त्या मुलीबद्दलच होतं.

“मम्मी म्हणते, शाळेत मी मागच्या ग्रुपमध्ये आहे. मे महिन्यात वाचनाच्या मॅडम मला वाचायला लावणार. आलं नाही तर...” ती थांबली. आई काहीतरी बोलली. “...तर पुन्हा दुसरीत.”

“पण तुला वाचता येतं.”

“मॅडम म्हणतात, मी वाचत नाही, अंदाज करते. पुस्तकात रात्रीचा शब्द असतो, मी ‘लाइट’ म्हणते.” मग आईकडे बघून तिनं माझं वाक्य तिला सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. ती माझ्यावर विश्वास ठेवत होती, आणि मला त्याची भीती वाटली.

घरी येताना बसमध्ये मला अमरावतीच्या कॉलेजचं होस्टेल आठवलं. तिथं पश्चिम महाराष्ट्रातली मुलं मला ‘ए पानीवाल्या’ म्हणत. कुणी हसलं की मी जीभ वळवून ‘पाणी’ म्हणायचो, आणि पुढच्याच वाक्यात ‘कोन’, ‘आनि’, ‘लोनी’. लोकांना वाटायचं मी मुद्दाम करतो. खरं म्हणजे मला न आणि ण यांत फरकच ऐकू येत नसे. लिहिताना मी बिनचूक लिहायचो, कारण लिहिताना ते दिसतात. साताऱ्याकडचा माझा एक रूममेट होता, चिडवणाऱ्यांतला पहिला. त्यानंच एकदा मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाला, “बोलू नको. नुसतं ऐक. ण वाटला तर उजवा हात, न वाटला तर डावा.” कित्येक संध्याकाळी मी चुकीचे हात वर केले. मग एक दिवस फरक ऐकू आला. जिभेनं नंतरही दगा दिला, पण कान सुधारला होता.

तर पुढच्या खेपेला मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. “नाइट असेल तर उजवा, लाइट असेल तर डावा.” ती भराभर हात वर करत होती, पण सगळे अंदाजानं. मार्च असाच गेला. मी तिला एक दुसरी खूण दिली. “नाक दाबून ‘लाइट’ म्हण.” तिनं म्हटलं. “आता ‘नाइट’ म्हण.” तिनं म्हटलं आणि तोही सरळ बाहेर आला, म्हणजे लाइटच होता. मग मी स्वतःचं नाक दाबून ‘नाइट’ म्हणालो. आवाज कोंडला, माझे कान भरून आले आणि भलतंच काहीतरी बाहेर पडलं. ती एवढी हसली की खुर्चीवरून घसरली.

“बघ. न नाकात राहतो. दार लावलं तर तो अडकतो. ल तोंडातून निघून जातो.”

“लोज,” ती नाकावर बोट ठेवून म्हणाली. “या शब्दात पण ते अक्षर आहे.”

“आमच्याकडे नाक. त्यातही न आहे.”

“नाक,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा न नाकातून आला होता. तिला ते कळलं नाही, मला कळलं.

त्यानंतर ती शब्दाआधी नाक दाबून बघायची, अडकतो का ते. एप्रिलच्या मध्यावर तिचे हात बरोबर वर यायला लागले. त्या दिवशी ती म्हणाली, “आता तुम्ही भिंतीकडे तोंड करा.”

“मी?”

“मी दोन शब्द म्हणते. एक म्हणजे विकत घेणं, उजवा हात. दुसरा म्हणजे विकणं, डावा.”

मी भिंतीकडे वळलो. मागून तिचा आवाज आला, “माय.” थोडं थांबून, “माय.”

 मी एक हात वर केला.

“चूक! पुन्हा. माय. माय.”

तिच्या भाषेत त्या दोन्हींचे सूर वेगळे असतात, एक जरा वर जातो, एक सपाट राहतो, असं तिनं मला हातानं हवेत दाखवलं. माझ्या कानाला दोन्ही एकच शब्द होता. त्या देशात तो शब्द मी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता, आणि मी तरी तो कुणाला हाक मारायला म्हणणार होतो? ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मी पुन्हा पुन्हा चुकत राहिलो. “टीचर, तुम्हाला दुसरीत ठेवायला पाहिजे,” ती म्हणाली.

तो शब्द माझ्या भाषेत काय आहे, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायचं होतं. पण इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता वेळ संपला.

मे महिन्यात तिच्या आईनं मला शाळेत सोबत यायला सांगितलं, मॅडमचं इंग्रजी कळणारं एखादं मोठं माणूस जवळ असावं म्हणून. आम्ही दोघं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो. वाचनाच्या मॅडम उंच, शांत होत्या. त्यांनी मुलीसमोर एक नवं पुस्तक ठेवलं, चित्र कमी असलेलं. रात्री घरट्याबाहेर पडणाऱ्या घुबडाची गोष्ट होती.

ती हळू वाचत होती. अडली की ओठांतल्या ओठांत जोडायची, ती चाल मला ओळखू येत होती. मग ‘नाइट’ आला. तिनं थांबून, सगळ्यांदेखत, दोन बोटांनी नाक दाबलं.

“सर्दी झाली आहे का तुला?” मॅडमनी विचारलं.

“नाही. न नाकात आहे का ते बघते.” तिनं नाक सोडलं आणि स्पष्ट म्हणाली, “नाइट.”

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांनी तिला पुढचं पान, मग त्याच्याही पुढचं पान वाचायला लावलं. शेवटी पुस्तक मिटून म्हणाल्या, “हिला वाचता येतं. तिसरीत जाऊ दे.” मुलीनं ते आईला सांगितलं तेव्हा नेहमीसारखी ती मध्ये थांबली नाही. आईनं माझा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांवर सुयांचे कितीतरी व्रण होते.

जूनमध्ये तळघरातला वर्ग संपला. तिला आता माझी गरज नव्हती. हे चांगलंच झालं, असं मी स्वतःला बसमध्ये सांगत आलो होतो. आईनं पाठवलेल्या गोड पावांचा डबा तिनं टेबलावर ठेवला आणि कोट नसल्यामुळे ती एकदम लहान दिसली.

“एकदा तो शब्द म्हणशील?” मी विचारलं.

“कुठला? घ्यायचा की विकायचा?”

“कुठलाही चालेल.”

“असं नाही. आधी तिकडे तोंड करा.” तिनं मला कोपरांना धरून भिंतीकडे वळवलं. भिंतीला ओल आली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते.

“माय,” ती म्हणाली.

मी ऐकत राहिलो.

“माय. टीचर, हात वर करा ना. उजवा की डावा?”

मला करता आला नाही. भिंतीकडे तोंड होतं, ते बरं होतं.

“म्हण,” मी म्हणालो, “अजून एकदा म्हण.”