पदरावरचं घासलेट

"पदर पसर," वकीलसाहेब माझ्या मायला म्हणाले. तिनं पसरला. त्यांनी स्वतःच्या हातानं त्यात तीन वांगी टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ओत."

अमरावतीचा भाजीबाजार, दिवेलागणीची वेळ. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. मी वीस वर्षांचा, साहेबांच्या दुकानात तराजूवर. बडनेरा रस्त्याला त्यांचा मळा होता, कोर्टात वकिली होती. बाकीचे माळी दिवस कलला की उरलेल्या भाजीचे वाटे लावून स्वस्तात देऊन टाकत. मऊ पडलेली वांगी, पिवळा पडलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, उद्या सडतील अशी संत्री. गरिबाघरच्या बाया त्याच वेळेला येत. आमच्याकडे मात्र उरलेल्या मालावर घासलेट ओतायचा हुकूम होता. "यांना संध्याकाळच्या भावाची सवय लागली, तर सकाळी कोण घेईल?" असं साहेब म्हणत. गावात दिव्याला तेल मिळत नव्हतं. आमच्याकडे वांग्यांवर ओतायला डबा होता.

त्या दिवशी बाकीची दुकानं लवकर रिकामी झाली, म्हणून चार-पाच बाया आमच्यासमोर आल्या. त्यांत माय होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलेलं साहेबांनी पाहिलं.

"तुझी कोण रे ही?"

"कोनी नाही, साहेब."

त्यावर त्यांनी तिला पदर पसरायला सांगितलं होतं.

मागची एक म्हातारी म्हणाली, "अवो साहेब, ढोरापुढं तरी टाका."

"ढोरं दूध देतात," साहेब म्हणाले.

माझा हात थांबला. तेव्हा मायच बोलली. "वता भाऊ. तुमी त हुकमाचे ताबेदार."

पोटच्या पोराला भाऊ म्हणाली. तुमी म्हणाली. मी ओतलं.

घरी गेलो तेव्हा ती पदर पिळून चिमणीत थेंब पाडत होती. चिमणी लावली. भाकर वाढली. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "उजेड हाये तवर जेवून घे. वाया कावून घालवाचा?"

त्या उजेडात मी जेवलो.

दिवाळीला साहेबांनी नोकरांच्या घरी ताज्या भाजीची टोपली पाठवली. मायनं ती दारातूनच परत केली. गड्याला म्हणाली, "सायबाले सांग, त्याईच्या नोकराचं इथं कोनी नाही." घरात त्या दिवशी मीठ-भाकर होती.

नकार तिनं दिला. मी आणखी दोन वर्षं तिथंच रोज ओतत राहिलो. डबा संपला की नवा आणत होतो.

पुढे बाजारात संघटना झाली, मी पुढारी झालो. सभेसभेत सांगितलं की साहेब 'ओत' म्हणाले आणि मी डबा त्यांच्या पायांवर फेकला. लोकांना ते आवडे. अकोल्याच्या सभेला माय पुढेच बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. मरेपर्यंत त्यावर बोलली नाही.

आता संघटना माझा सत्कार करणार आहे. मी जाणार. डबा फेकला नाही, मायच्या पदरावर ओतला, आणि तिला ओळखसुद्धा दिली नाही, हे त्याच लोकांसमोर उभं राहून सांगणार. कुणी टाळी वाजवली तर थांबवणार. क्षमा मागणार नाही. ती देण्याचा हक्क त्या मंडपात कुणालाच नाही.