पारख माझी, नाव मामंजींचं

मामंजींच्या तेराव्याला मिरचीवाला आला होता. ओसरीवर माणसं दाटीनं बसलेली. त्यांच्यात बसून तो मोठ्यानं म्हणाला, "गांजाची पारख करावी तर बाबांनीच. बाबांच्या बोटाला डोळे हुते. आता तसा मानूस व्हनार न्हाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी आत चुलीपुढं होते. हातातला कालथा तसाच राहिला आणि कढईतलं करपलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे, गाव त्यांना बाबा म्हणायचं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला कळतं. मी जिवंत माणसांपुढंही कधी बोलले नाही. पण त्या दिवशी जे ऐकलं ते पोटात राहीना, म्हणून ही जुनी वही काढली. शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा चुकलंमाकलं असेल.

ती पारख मामंजींची नव्हती. माझी होती.

माझं माहेर नगरच्या बाजूचं. मी लहान असताना, बंदी यायच्या आधी, तिकडं परवान्यानं गांजा पिकायचा. आई त्या शेतांत मजुरीला जायची. नराची झाडं ओळखून उपटायचं काम बायांचं. नर राहिला की तुऱ्यांत बी धरतं आणि माल हलका होतो. कापणी झाली की तुरे खळ्यावर पसरायचे आणि आम्ही पोरीबाळी एकमेकींच्या खांद्याला धरून ते तुडवायचो, चपटे होईपर्यंत. पायांना चीक बसायचा. पाण्यानं कितीही घासा, जायचा नाही. मग आई करडईचं तेल लावायची आणि म्हणायची, "पान्यानं सुटला तर गूळ समजायचा, तेलानं सुटला तर माल." लबाड लोक जुन्या वाळक्या तुऱ्यांवर गुळाचं पाणी शिंपडून चिकट करत, म्हणून हे सांगणं.

ह्या घरी आले तेव्हा कळलं, की गावच्या मठात शिवरात्रीला चिलमीचा मान असतो. पहिली देवाला, दुसरी महाराजांना, मग बसलेल्यांना. गांजा म्हणायचं नाही, बुटी म्हणायचं. बंदी होती तरी त्या दिवशी पोलीस पाटलाला सगळ्यांच्या आधी जागा धरून ठेवलेली असायची. बुटी आणायचा मान आमच्या घराकडं. तिसगावच्या बाजारात बसणारा हाच मिरचीवाला मिरचीच्या पोत्यात पुडकी दडवून आणायचा. बाईमाणसानं त्या पुडक्याला शिवायचं नाही, अशी रीत.

पहिल्याच वर्षी मामंजींनी पुडकं स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलं आणि हात धुवायला गेले. वास आला आणि मला आई आठवली, पण वास बरोबर नव्हता. चांगल्या मालाला कैरीचा देठ तोडल्यावर येतो तसला वास येतो. ह्याला ओल्या वैरणीचा येत होता. मी न राहवून चिमूटभर घेतलं. काडी मोडून बघितली, ती कट्‌कन मोडायला हवी, ती वाकली. बोटाला चिकटलं ते पाण्यात बुडवताच गेलं. थोडं सुपात टाकून सूप तिरपं धरलं, तर मूठभर बी खाली घरंगळलं. वर बघते तो मामंजी दारात उभे.

मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. ते हळूच म्हणाले, "कसा हाय?"

मी मान हलवली, वाईट म्हणून.

त्यांनी पुडकं उचललं, ओसरीवर नेलं आणि मिरचीवाल्यापुढं टाकलं. "गूळ पाजलास व्हय रं? कुनाला फशिवतो?" मिरचीवाल्यानं कान धरले. गावभर झालं, बाबांना नुसता हात लावला की कळतं.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. पुडकं उंबऱ्याशी यायचं, मी बघायची. माल चांगला असला तर ओसरीवर चहा पाठवायचा, वाईट असला तर नुसता पाण्याचा तांब्या. मिरचीवाला एकदा म्हणाला, "बाबा, तुमच्यात एका दिसाला चहा मिळतो, एका दिसाला पानी. मालकीनबाईचा रुसवा हाय का काय?" सगळे हसले. मामंजी सगळ्यांत जोरात हसले. मी कधी गांजा ओढला नाही, मठाची पायरी ओलांडून आत गेले नाही आणि माझं नाव घ्या असंही म्हटलं नाही. मला वाटायचं, एक दिवस आपण होऊन सांगतील.

मग दुष्काळाचं साल आलं. मी खडीच्या कामाला जायची, रेशनवरच्या मिलोच्या, त्या लाल परदेशी ज्वारीच्या, भाकरी खायचो. शिवरात्र तोंडावर आली आणि नेमकी मी शिवायची नव्हते. गोठ्यात वेगळी बसले होते. मिरचीवाला आला. मामंजींची घालमेल झाली असणार. थोड्या वेळानं ते स्वतः गोठ्यात आले. ज्या माणसानं मी पाळीत असताना माझी सावलीसुद्धा अंगावर पडू दिली नव्हती, त्यांनी पुडकं माझ्यापुढं टाकलं. "बघ लवकर. कोन यायच्या आत."

"मामंजी, मी अशी बसलीया."

"देवाला डोळे झाकाया सांगतो मी. बघ तू."

मी बघितलं. माल चांगला होता, कैरीच्या देठाचा वास येत होता. चहा पाठवायला मी स्वैपाकघरात जाऊ शकत नव्हते, म्हणून तोंडानं "व्हय" म्हटलं.

थोरल्या जाऊबाईंनी भिंतीवरून बघितलं होतं. त्यांनी ते पाण्याच्या रांगेत सांगितलं. शिवरात्रीला सकाळीच महाराजांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, बुटीला विटाळ झाला म्हनत्यात. खरं का?"

माझे चार दिवस सरले होते, मी मठाच्या अंगणाच्या भिंतीमागं बायांत उभी होते. मामंजींनी जमिनीकडं बघितलं. म्हणाले, "माझ्या माघारी शिवली असंल. अडानी हाय, तिला काय कळतंय."

तिला काय कळतंय!

मला दंड झाला. मठाचं सगळं अंगण मी एकटीनं सारवायचं. विहिरीत घागर बुडत नव्हती. घरातल्या प्यायच्या पाण्यातलं पाणी काढून मी शेण कालवलं. आणि तो विटाळलेला गांजा? मला वाटलं, फेकून देतील. फेकतील कशाला! गोमूत्र शिंपडलं, घटकाभर उन्हात टाकला आणि दुपारपर्यंत सगळा ओढला. मी वाकून सारवत होते आणि आतून महाराजांचा आवाज आला, "औंदाचा माल झकास हाय बरं का बाबा." मामंजी म्हणाले, "पारखून घेतलाय."

दुसऱ्या वर्षी पुडकं पुन्हा उंबऱ्याशी आलं. मी त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापत राहिले. मामंजी खाकरले. मी वळले नाही. ते ओसरीवर जाऊन वाट बघत बसले. चहा गेला नाही, पाणीही गेलं नाही.

शेवटी मिरचीवाला म्हणाला, "बाबा, नरडं वाळलं की. पानी तरी पाजा."

माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, आमच्या खुणेचा पत्ता नव्हता. पाहुणा ताटकळला म्हणून त्यांना लाज वाटली. त्यांनी आधण ठेवलं आणि चहा नेऊन दिला. मामंजींना वाटलं, मी नरमले. त्यांनी बोटही न लावता माल घेतला. मला सगळं दिसत होतं, ओल्या वैरणीचा वासही आला होता. एका शब्दानं थांबवता आलं असतं. पण अडाण्याला काय कळतंय?

शिवरात्रीला महाराजांनी चिलीम ओढली आणि आत बी तडतडायला लागलं. ठिणग्या उडाल्या. नव्या शालीला चार भोकं पडली. पोलीस पाटील ओरडला, "बाबा, बुटी आनली का हरभरे भाजाया आनले?" माणसं खोकत होती आणि हसत होती. हसण्याचा आवाज बायांपर्यंत आला.

मामंजी घरी आले ते थेट स्वैपाकघराच्या दारात. "चहा का पाठिवलास?"

"आत्याबाईंनी दिला. मी हात लावला न्हाई. माझ्या हाताचा विटाळ हुतो."

लग्न झाल्यापासून एवढं मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा बोलले.

त्यांनी आवाज खाली केला. मग म्हणाले, "फुडल्या साली बघशील का न्हाई?"

"चारचौघांत इचारा. मग बघते."

त्यांनी विचारलं नाही. डोळ्यांना कमी दिसतंय असं सांगून त्यांनी मान दुसऱ्या घराला देऊन टाकला. पिढ्यांचा मान सोडला, पण सुनेचं नाव तोंडातून काढवलं नाही. त्याच साली ते गेले.

तर तेराव्याला मिरचीवाला हे असं बोलला. मी कढई उतरवली, चहा केला. ओसरीवर सगळ्यांना कपबशी पाठवली. मिरचीवाल्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायला सांगितला.

दाराच्या फटीतून मी बघत होते. त्यानं तांब्याकडं बघितलं, शेजाऱ्याच्या कपाकडं बघितलं. इतकी वर्षं त्याच ओसरीवर तो कधी चहा, कधी पाणी प्यायला होता. त्याची मान सावकाश स्वैपाकघराच्या दाराकडं वळली. त्याला समजलं. माझी खात्री आहे, समजलं.

कुणीतरी त्याला म्हणालं, "सांगा की बाबांची अजून एखादी गोष्ट."

त्यानं तांब्या उचलला, पाणी प्यायला आणि सांगायला लागला, बाबांच्या बोटाला कसे डोळे होते ते.