खड्ड्यात न उतरणारा रिसेप्टर

१९७८ साली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांना एका परदेशी मासिकात नवा शोध सापडला आणि सांगलीच्या कॉलेजात आमची झोप उडाली. पेशीच्या अंगावर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. ती रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडतात, पेशीच्या कडेला असलेल्या खळग्यांत गोळा होतात आणि माल घेऊन आत जातात. पण जनुकात बारीकसा बिघाड झाला, की रिसेप्टर माल पकडतो खरा, खळग्याकडे मात्र फिरकतच नाही. मग चरबी रक्तातच साचते.

सर म्हणाले, गॅदरिंगला हे करून दाखवायचं. मैदानावरचा लांब उडीचा वाळूचा खड्डा हा खळगा, मुलं रिसेप्टर आणि राजगिऱ्याचे लाडू कोलेस्टेरॉल. बिघडलेला रिसेप्टर म्हणून जतचा एक दांडगा गडी निवडला. त्याला फक्त जागचं हलायचं नव्हतं, आणि ती विद्या त्याला जन्मजात होती. कर्ण्यावरून माहिती सांगायचं काम माझं.

मला धाकधूक होती ती वेगळीच. आष्ट्याचं स्थळ सांगून आलं होतं आणि मला तर एम.एस्सी. करायचं होतं. आबा म्हणाले होते, "तू काय शिकतीस ते बघतो, मग ठरवू." आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पहिल्या रांगेत मिशांना पीळ देत बसले होते.

लाडू उडाले. मुलं ते झेलून शिस्तीत खड्ड्यात उतरली. जतचा गडी जागेवरच. "हा बिघडलेला!" मी कर्ण्यात ओरडले. पण लोकांना कुठला धीर! "आरं, खड्डा तिकडं हाय!" "सांगा की रं त्याला कुणीतरी!" तो बिचारा भूमिकेला जागून उभा होता. लाडू मात्र खात होता, ते काही ठरलं नव्हतं.

रांग सोडलेला जवान आबांना बघवत नसे. ते ताडकन उठले, "ए जवान! चलो अंदर!" म्हणत त्यांनी त्याला बखोटीला धरून खड्ड्यात ढकललं आणि तोल जाऊन स्वतःही त्याच्यावर पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी कपाळावर हात मारला. संपलं आपलं शिक्षण, मला रडूच आलं.

घरी जाताना आबा सदऱ्यातली वाळू झटकत म्हणाले, "ह्याला मी ढकलला म्हणून गेला. खऱ्याला कोण ढकलतंय?"

"कुणी न्हाई, आबा. चरबी साचत जाती, आन माणूस ऐन उमेदीत छातीच्या दुखण्यानं जातो."

"औषध?"

"अजून धड न्हाई."

आबा थांबले. "मग ते बघ की आधी. आष्टा काय पळून चाललंय व्हय?"