आता बोला, मी ठेवते

पोलीस ठाण्याच्या टेलिफोनवर ऑपरेटरबाईंनी ऐन उमेदीची सगळी वर्षं काढली. निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, पण शहरात लोक त्यांना अजून चेहऱ्यापेक्षा आवाजानेच ओळखतात. किराणा दुकानात पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी साखर मागितली, की मागून कुणीतरी म्हणायचं, "जरा साहेबांना जोडून देता का?" बाईही वळून न बघता सांगायच्या, "साहेब राउंडला गेलेत, निरोप ठेवा."

ठाण्यात फोन करणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो. काय सांगावं आणि कुणाला, हेच त्याला सुचत नाही. बाई आधी त्याला श्वास घेऊ द्यायच्या, मग अधिकाऱ्याला जोडायच्या आणि जोडून झालं की म्हणायच्या, "आता बोला, मी ठेवते." आणि खरंच ठेवायच्या. नियमात फक्त फोन जोडून द्यावा एवढंच होतं. ठेवते असं सांगून ठेवण्याची पद्धत बाईंची स्वतःची. दुसऱ्याच्या खोलीतून निघताना आपण दार ओढून घेतो, तितकंच ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

या पद्धतीवरच गदा आली. ठाण्यातला प्रत्येक फोन वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित होत होता, ही बातमी वर्तमानपत्रात आली. तक्रारी, खबरी, वकिलांची अशिलांशी झालेली बोलणी, सगळं. ऑपरेटरच्या टेबलामागे एक बंद कपाट होतं, त्यात यंत्र होतं. त्याची किल्ली ड्यूटीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे, आणि काम नसलं की शिपायांपैकी कुणीही जाऊन ऐकत बसे. ठाण्यांवर देखरेख ठेवायला एक स्वतंत्र कार्यालय होतं. तिथला अधिकारी दरवर्षी यायचा. कपाटात काय आहे असं त्याने एकदा विचारलंही होतं. "जुनं सामान," असं उत्तर मिळालं. त्याने चहा घेतला, खिडकीतल्या कुंडीचं कौतुक केलं आणि सही करून गेला. कपाटाच्या फटीतून लुकलुकणारा हिरवा दिवा बाईंनीही रोज पाहिला होता. विजेचं काहीतरी असेल, असं वाटून त्यांनी तो सोडून दिला होता.

शहर आधी हसलं. "बायको म्हणते, माझं कुणी ऐकत नाही," किराणा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा. "म्हटलं, बघ, एवढं मोठं खातं कान देऊन बसलं होतं." मग हसू ओसरलं. एकेकाला आपापला फोन आठवायला लागला. कुणी भावाविरुद्ध तक्रार केली होती, कुणी मुलगी घरातून निघून गेल्याचं सांगितलं होतं. कुंपणच शेत खातंय, असं लोक म्हणू लागले. देखरेख कार्यालयासमोर मोर्चा निघाला. चौकशी आयोग बसला, त्यावर एक निवृत्त न्यायाधीश आले. पण कार्यालयावर राग धरायला त्याला चेहरा नव्हता. आवाज मात्र एकाच बाईचा सगळ्यांच्या ओळखीचा होता. 'ठेवते ठेवते म्हणायची आणि कान लावून बसायची,' असं बोललं जाऊ लागलं.

घरात सुनेने ते विनोदावारी नेलं. "आई, मी माहेरी फोन करतेय. तुम्ही ऐकणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे तुमच्याबद्दल चांगलं बोलेन."

"तुला तेवढं खोटं जमायचं नाही," बाई म्हणाल्या.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचं प्रकरण मात्र विनोदावारी नेण्यासारखं नव्हतं. दोघींची मैत्री जुनी. संध्याकाळी मशीन बंद झालं की दोघी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायच्या. एके काळी शिंपीणबाईंचा नवरा त्यांच्यावर हात उचलायचा. एकदा त्यांनी धीर करून ठाण्यात फोन केला, बाईंनी तो साहेबांना जोडून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला त्या फोनमधला शब्द न् शब्द माहीत होता. पुढे तो घर सोडून गेला, पण त्याला सांगितलं कुणी, हे कधीच कळलं नव्हतं. आता शिंपीणबाईंना वाटलं, कळलं. बाईंचा एक कोट त्यांच्याकडे शिवायला होता. तो कागदात गुंडाळून बाईंच्या दारात ठेवलेला सापडला. बाह्या लावलेल्या नव्हत्या.

बाई कोट घेऊन खाली गेल्या. "अगं, मी तेव्हा फोन ठेवला होता."

"तू असंच म्हणणार," शिंपीणबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "मी तेव्हा कुणापाशी बोलले नव्हते. त्या फोनवर साहेब आणि मी होतो. आणि तू."

बाईंनी कोट वर नेऊन खुंटीला अडकवला.

काही आठवड्यांनी आयोगाच्या वकिलाने बाईंना बोलावलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं तेच यंत्र होतं. वकील तरुण होता, तक्रार करावी असं त्याच्या वागण्यात काही नव्हतं.

"बाई, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "तुमच्याच रस्त्यावरून आलेला एक फोन सापडलाय. तुम्ही जोडता, ठेवते म्हणता, आणि ठेवल्याचा खट् असा आवाज स्पष्ट येतो. उद्या जाहीर सुनावणीत तो लावू. त्यानंतर शहरात तुमच्याविरुद्ध कुणी ब्र काढणार नाही."

फोन कुणाचा, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. हवं होतं ते समोर टेबलावर होतं. हो म्हटलं की संपलं.

"त्या बाईंना विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"नाव आम्ही पुसणार आहोत."

"आणि आवाज?"

वकिलाने भिंतीलगतच्या यंत्राकडे पाहिलं.

"या शहरात माझा आवाज पाठमोरासुद्धा ओळखतात, साहेब. तिचाही ओळखतील. न विचारता एकदा ऐकून झालंय तिचं. आता तुम्ही सभागृह भरवून ऐकवणार?"

"पण मग तुमचं काय?"

"माझ्या वाट्याला त्यात एक खट् आहे. बाकी सगळं तिचं आहे," बाई म्हणाल्या. "लावू नका."

वकिलाने हे न्यायाधीशांच्या कानावर घातलं. पण कुठली बातमी कुठून पाझरते, हे कुणी सांगावं. दोन दिवसांत वर्तमानपत्रात मथळा आला: 'ध्वनिमुद्रण ऐकवण्यास ऑपरेटरचा विरोध.' चोराच्या मनात चांदणं, असा शेरा किराणा दुकानात ऐकू आला. साखर मागताना बाईंना कुणी साहेबांना जोडून द्यायला सांगितलं नाही.

सून वर्तमानपत्र घेऊनच स्वयंपाकघरात आली. "तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही नको म्हणालात?"

"माझ्या हातात नव्हतं तेच तर सांगतेय."

"लोक काय म्हणतायत माहीतेय?"

"माहीत आहे. आयुष्यभर लोकांचं ऐकून न ऐकल्यासारखंच केलंय. सवय आहे."

संध्याकाळी दुकानात जाऊन सुनेने सगळ्यांदेखत किराणा दुकानदाराला ऐकवलं, की आमच्या सासूबाईंना ऐकायचंच असतं, तर तुमच्या घरचं त्यांनी केव्हाच सगळ्यांना सांगितलं असतं. दुकानदाराने तिला साखर नेहमीपेक्षा जरा जास्तच घातली.

'आणि आवाज?' या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर न्यायाधीशांना सापडलं नाही, आणि त्यांनी ते मान्य केलं. आयोगाने नवा आदेश काढला. कुठलाही फोन उघडपणे लावायचा नाही. ज्याचा फोन त्याला कळवायचं. त्याने एकट्याने येऊन ऐकावा, हवा तर ठेवावा, नको तर समोर पुसून घ्यावा. देखरेख कार्यालयाने आता कुलूपबंद कपाटं उघडून पाहावीत, अशी सूचनाही त्या आदेशात होती. ती वाचून शहर पुन्हा हसलं, पण या वेळच्या हसण्यात कडवटपणा कमी होता. आयोगाच्या दाराशी रांग लागू लागली. आत जाताना माणसं खाली मान घालून जायची. बाहेर येताना काहींचे डोळे लाल असायचे, पण चाल सुटसुटीत असायची.

शिंपीणबाईंनाही पत्र आलं. त्यांनी मशीन झाकलं, दुकान बंद केलं आणि कुणाला न सांगता गेल्या.

त्या दुपारी बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. जिन्यावर पावलं वाजली. शिंपीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, धाप लागलेली.

"तुझा आवाज तेव्हा किती बारीक होता गं," त्या म्हणाल्या.

"तू ऐकलंस?"

"सगळं. आधी तू. 'घाई नाही, पाणी पी आणि मग बोल.' मी पाणी प्यायला गेले तेसुद्धा त्यात आहे, भांडं पडल्याचा आवाज आहे. मग 'आता बोला, मी ठेवते.' मग खट्. नंतर साहेब आणि मी." त्यांनी पदराने घाम पुसला. "माझ्या नवऱ्याचा दोस्त ठाण्यात ड्यूटीला होता, विसरलीस? मीपण विसरले होते. वकील म्हणाला, खिळ्यावरची किल्ली काढून ऐकायला जाणाऱ्यांत तोही होता. त्याची चौकशी होणार आहे. मी साक्ष देईन म्हटलं."

"उघडपणे?"

"हो. माझ्या तोंडाने सांगेन ते वेगळं. फीत पुसून टाकली."

बाईंनी हातातलं ओलं कापड दोरीवर टाकलं. ज्यावर त्यांचा खट् होता, ते आता जगात कुठेच उरलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते हलकं गेलं.

"मग शहराला कसं कळणार, मी ठेवला होता ते?" त्यांनी हसत विचारलं.

"मी आहे ना सांगायला. माझी जीभ किती चालते ते तुला ठाऊक आहे. उद्या दुपारपर्यंत किराणावाल्याला तोंडपाठ होईल." शिंपीणबाईंची नजर खुंटीवर गेली. "तो कोट दे इकडे. असा बिनबाह्यांचा अडकवून ठेवलायस, बघणाऱ्याला वाटेल मला शिवता येत नाही."

बाईंनी कोट काढून दिला. शिंपीणबाई तो खांद्यावर टाकून जिना उतरू लागल्या आणि मधल्या वळणावर थांबल्या.

"संध्याकाळी पायरीवर येतेस ना?"

"येते," बाई म्हणाल्या. "तू मशीन बंद कर, मी येतेच."